दोन फुल्यांच्या मधलं

मार्फत प्रा. तस्नीम, चकवाल
११ फेब्रुवारी २००९

कमोडोर तौसीफ किरमानी साहेब,
अस्सलाम अलैकुम.

मी एक साधी वाचक. माझी मुलगी तस्नीम इथल्या कॉलेजात शिकवते. तिथल्या ग्रंथालयात तुमचं आत्मचरित्र आलंय, ते तिने आठ दिवसांच्या बोलीवर घरी आणलं आणि मी चार दिवसांत संपवलं. कॅडेट असताना पहिल्या समुद्रफेरीत तुम्ही उलटीची बादली सोडली नाहीत ते वाचून हसू आलं. मग इंग्लंडातलं शिक्षण, पाणबुडी, अंकाऱ्याचा दूतावास, निवृत्तीच्या दिवशी तुम्हाला गाडीत बसवून हाताखालच्या अधिकाऱ्यांनी दोराने ओढत फाटकापर्यंत नेलं तो सोहळा, सगळं वाचलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत तुमच्या हातून एकही चूक झाली नाही, याचं विशेष कौतुक वाटलं.

विचारायचं ते एकच. पान ११२ वर एकाहत्तरच्या लढाईतलं एका पोठोहारी, म्हणजे आमच्याच भागातल्या, खलाशाचं शेवटचं पत्र तुम्ही छापलंय. त्याला नाव दिलेलं नाही. तो बापाला लिहितो की, रात्री समुद्र आपल्या शेंगदाण्याच्या शेतासारखा दिसतो, पांढरी बकरी व्यायली का ते कळवा, तुतीखालचा पाट मोकळा करून घ्या. त्यानंतर एक फुली आहे, आणि फुलीनंतर तुमची तीन टिंबं. खाली तुमची टीप: ‘बिचाऱ्याचं शिक्षण बेताचं, पूर्णविरामाच्या जागी फुली मारत असे.’

पत्र टपालात पडायचं राहिलं, बोट बुडाली आणि हा कागद तुम्ही ताविजासारखा जपला, असंही लिहिलंय. तर त्या फुलीच्या पुढे काय होतं, तेवढं कळवाल का?

तस्नीमची आई


क्लिफ्टन, कराची
२० फेब्रुवारी २००९

मोहतरमा,
वालैकुम अस्सलाम.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी गच्चीत बसून समुद्र बघत होतो. निवृत्त आरमारी माणसाला दुसरा उद्योग काय! पत्र बेगमला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बघा, चकवालच्या बायकासुद्धा तुम्हाला वाचतात. आता तरी परीक्षण न छापणाऱ्या वर्तमानपत्रवाल्यांवर चिडणं सोडा.” तुम्ही माझ्या घरात शांतता आणलीत, त्याबद्दल आभारी आहे.

पान ११२ बऱ्याच जणांना भावलं. प्रकाशनाच्या दिवशी तेच पान वाचलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका ॲडमिरलसाहेबांनी चष्मा पुसला. त्याचं असं होतं की, लढाईच्या दिवसांत खलाशांची पत्रं आधी आम्हा अधिकाऱ्यांना वाचावी लागत. बोट कुठे जाणार, कधी निघणार असं काही दिसलं की त्यावर शाई फिरवायची आणि पाकीट बंद करून पुढे पाठवायचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा लेफ्टनंट. या गड्याने तशी एक ओळ लिहिली होती. शाई फिरवण्याऐवजी त्याला बोलावून दटावू, नवं पत्र लिहवून घेऊ, म्हणून मी ते खिशात ठेवलं आणि बाकीची थैली घेऊन किनाऱ्यावर उतरलो. बोट ठरल्या वेळेच्या चार तास आधी निघाली. मी धक्क्यावर राहिलो, तो समुद्रात गेला. अल्लाची मर्जी.

फुलीच्या पुढे विशेष काही नव्हतं. अमक्याला सलाम, तमक्याला सलाम. खेड्यातली पत्रं तुम्हाला माहीतच आहेत. पुढचं पान वाचलंत ना? बोटीतर्फे सांत्वनाला मी त्याच्या गावी गेलो. त्याच्या विधवेवर धाकट्या दिराची चादर पडली, त्या निकाहाचा साक्षीदार होण्याचा मान मला मिळाला. आपल्या गावांत घर उजाड होऊ देत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ती बाई आता नातवंडांत रमली असेल.

जूनमध्ये दुसरी आवृत्ती निघतेय. तुमच्यासारख्या वाचकाच्या चार ओळी तिच्यात घ्यायला आवडेल. लिहून पाठवा.

तुमचा,
तौसीफ किरमानी


ढोक करमाली, जि. चकवाल
२ मार्च २००९

किरमानी साहेब,

‘अमक्याला सलाम, तमक्याला सलाम’ हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं आणि ठरवलं, आता आडपडदा पुरे.

तस्नीमची आई म्हणजे फजीलत. तुमच्या खलाशाचं नाव सावर खान. करमदादचा थोरला मुलगा, इंजिनखोलीत तेल घालायचा. मी त्याची बायको होते. लग्नाला एकोणीस महिने झाले होते, त्यातले सुट्टीचे म्हणजे आमचे दिवस अठ्ठावन्न. ज्या बाईला तुम्ही नातवंडांत रमवलंत ती मी. नातवंडं आहेत, गुणी आहेत. पण तुम्ही परस्पर रमवू नका.

आता फुलीची गोष्ट ऐका. आमच्या घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटी. मॅट्रिक पास सून आणली म्हणून सासऱ्यांना, अब्बाजींना, केवढा अभिमान! सावर पत्र लिहायचा ते बापाला. बायकोच्या नावाने पत्र पाठवायचं म्हणजे गावभर हसं. पत्र आलं की अब्बाजी हुक्का घेऊन अंगणात बसायचे. सासूबाई, धाकटा जहाँदाद, शेजारपाजार गोळा व्हायचा, आणि मी ओढणी सावरून मोठ्याने वाचायची. म्हणून आम्ही नवराबायकोने ठरवलं होतं की, दोन फुल्यांच्या मधलं असेल ते फक्त माझं. पहिली फुली आली की मी खोकायची, मधलं डोळ्यांनीच पिऊन घ्यायची आणि दुसऱ्या फुलीपासून पुन्हा आवाज चढवायची. अब्बाजी म्हणायचे, “सुनेला पत्र वाचताना ढास फार लागते. मध चाटवा हिला.”

सावर आठवी शिकला होता, साहेब. पूर्णविराम कुठे द्यायचा ते त्याला नीट कळत होतं.

तुमच्या पानावर फुली एकच आहे. दुसरी फुली कुठे गेली? आणि मधलं कुठे गेलं? जे मी माझ्या सासऱ्यालाही वाचून दाखवलं नसतं, ते तुम्ही सदतीस वर्षं खिशात घेऊन फिरलात. मला छापील नको, नक्कल नको. तो कागद पाठवा. ताविज तुमच्या गळ्यात असेल, पण नाव माझं घातलेलं आहे.

फजीलत


क्लिफ्टन, कराची
९ एप्रिल २००९

फजीलत बहेन,

उत्तराला उशीर झाला. रक्तदाबाने अंथरूण धरलं होतं. तुम्ही हयात आहात आणि माझं पुस्तक तुमच्या हाती पडलं, ही नियतीचीच गोष्ट म्हणायची.

खेदाने सांगतो, मूळ पत्र आता माझ्याकडे नाही. नेव्हीच्या बंगल्यातून इथे आलो तेव्हा एका ट्रंकेला वाळवी लागली, त्यात गेलं. पुस्तकातला मजकूर माझ्या डायरीतल्या टिपणावरून घेतला. टिपणात फुलीनंतरचं उतरवलेलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी मला आठवतही नाही.

ते तेव्हाच का पाठवलं नाही, असं तुम्ही विचाराल. बहेन, बोट बुडाल्यावर चौकशी बसली होती. बोटीच्या हालचालीची बातमी फुटली का, असं प्रत्येकाला विचारत होते. सावरच्या पत्रात नेमकी तीच ओळ होती, ‘आज रात्री आम्ही पश्चिमेला जातोय.’ ते पत्र बाहेर आलं असतं तर शहीद म्हणून गेलेला तुमचा नवरा फितूर ठरला असता. तुमच्या घरावर लोकांनी बोट दाखवलं असतं. मी गप्प बसलो ते त्याच्या इज्जतीसाठी, तुमच्यासाठी. हे मी पुस्तकातही लिहिलं नाही, कारण उपकार सांगायचे नसतात.

सोबत पुस्तकाची एक प्रत माझ्या सहीने पाठवतोय. ग्रंथालयाची परत करा, ही तुमची.

तुमचा भाऊ,
तौसीफ किरमानी


ढोक करमाली
२० एप्रिल २००९

किरमानी साहेब,

पुस्तक परत पाठवतेय. सही चांगली आहे. तुमची एक सही माझ्या घरात आधीच आहे, दोन ठेवायला जागा नाही.

फेब्रुवारीत ताविज होतं, एप्रिलमध्ये वाळवी लागली. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ते आम्ही कोरड्या मुलखातली माणसंही जाणतो. तुम्ही तर आरमारातले. आणि माझ्या मेलेल्या माणसाच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. चौकशीत त्याला विचारणार नव्हते, तो तळाशी होता. विचारणार होते तुम्हाला, की लेफ्टनंट, हे पत्र तुम्ही पाहिलंत, तर वर कळवलं का नाहीत? इज्जत वाचवलीत, पण सावरची नव्हे.

तुम्ही विसरलात म्हणता. मी आठवण करून देते.

लढाई संपली, पण पत्राची मी वाट बघत होते. निघायच्या आधी सावर पत्र टाकल्याशिवाय राहायचा नाही. विधवेने घरात बसायचे इद्दतचे दिवस संपले तसा घरात चादरीचा विषय निघाला. जहाँदाद सतरा वर्षांचा, मला भाभी भाभी करत शाळेतली गणितं सोडवून घ्यायचा. मला पिंडी शहरात मास्तरणींच्या ट्रेनिंगला प्रवेश मिळालेला होता, सावरनेच अर्ज भरला होता. मी अब्बाजींच्या पायाशी बसून म्हटलं, “एक टपाल अजून येऊ द्या.” अब्बाजी म्हणाले, “बेटी, त्याच्या मनात दुसरं काही असतं तर त्याने लिहून ठेवलं असतं.” तरी थांबले ते. एक नाही, दोन टपालं थांबले.

मग तुम्ही आलात. पांढराशुभ्र गणवेश, गावची पोरं जीपमागे धावत होती. तुम्ही बैठकीत चहा घेत होतात, मी पडद्याआड उभी राहिले आणि सगळ्यांसमोर तोंड उघडलं. सासूबाईंनी माझा दंड धरला तरी विचारलं, “साहेब, त्यांनी माझ्या घरासाठी एखादं पत्र मागे ठेवलंय का?” तुम्ही कप बशीत ठेवलात. तो आवाज मला अजून ऐकू येतो. आणि म्हणालात, “नाही, बहेन. काही नाही.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, २१ एप्रिल १९७२. सरकारी माणूस नाही म्हणाला म्हणजे नाहीच, असं धरून मी निकाहाला मान हलवली. पदरी पडलं पवित्र झालं, असं स्वतःला सांगितलं. पिंडीचा कागद चुलीत घातला.

निकाहनाम्याची नक्कल सोबत आहे. साक्षीदाराच्या रकान्यात बघा: ले. तौसीफ किरमानी. तेव्हा पत्र कुठे होतं, साहेब? त्याच पांढऱ्या गणवेशाच्या खिशात ना? साक्षीदाराने पाहिलेलं खरं सांगायचं असतं. तुमच्यावर विश्वास ठेवून अख्खं घर तुमच्या तोंडाकडे बघत होतं. समुद्राने माझा नवरा नेला, त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याचे शब्द तुम्ही नेलेत.

कागद पाठवा.

फजीलत


कराची
२३ मे २००९

फजीलत बहेन,

पत्र सोबत आहे. वाळवी लागली नव्हती.

खिशातच होतं. तुमच्या घरी परत करायचं म्हणूनच आणलं होतं, यावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका. रस्ताभर मनाशी वाक्यं जुळवत होतो. पण तुमच्या सासऱ्यांनी मला खाटेवर उशाकडे, मानाच्या जागी बसवलं, म्हणाले, “तुम्ही आमच्या सावरचे अफसर, म्हणजे आमचे बाप.” आणि दुसऱ्या दिवशीच्या निकाहाचं आमंत्रण दिलं. पत्र काढलं असतं तर सगळ्यांसमोर वाचावं लागलं असतं. साडेचार महिने का दाबून ठेवलं, हे विचारलं गेलं असतं. चौकशी अजून बंद झाली नव्हती, माझ्या बढतीचे कागद वर गेले होते. तुम्ही पडद्याआडून विचारलंत तेव्हा माझा हात खिशाकडे गेलासुद्धा. तोंडातून मात्र ‘नाही’ आलं. एकदा ‘नाही’ म्हटल्यावर ‘हो’ म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. त्या वर्षी मला बढती मिळाली. पुढचं सगळं तुम्ही वाचलंच आहे.

पुस्तक लिहिताना हा कागद समोर आला. वाटलं, अर्धं छापलं तर अर्धं ओझं उतरेल. माझी चूक झाली, हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. बेगमलाही सांगितलेलं नाही. तुमचं हे पत्र तिला वाचून दाखवलं नाही.

दुसऱ्या आवृत्तीतून ते पान काढायला सांगू का? तुम्ही म्हणाल तसं करीन. मला माफ करता आलं तर करा. वय झालंय, हे घेऊन जायचं नाही.

तौसीफ


ढोक करमाली
७ जून २००९

किरमानी साहेब,

पत्र मिळालं. जहाँदादनेच टपालवाल्याकडून घेतलं. हो, अजून आहे तो, चोपन्न वर्षांचा. वाईट माणूस नाही. हात उगारला नाही, उपाशी ठेवलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी भाभीच म्हणायचा; अजूनही बेसावध असला की तोंडून तेच येतं. सदतीस वर्षांत त्याने माझ्याकडे सरळ मान वर करून पाहिलं नाही. मला वाटायचं, मी त्याला आवडत नाही.

तो अंगणात खाटेवर बसून शेंगा सोलत होता. मी ओढणी सावरली आणि वाचायला लागले, अगदी पूर्वीसारखं. शेंगदाण्याचं शेत झालं, बकरी झाली, पाट झाला, फुली आली. या खेपेला मी खोकले नाही. वाचलं:

‘फजीलत, घरात जहाँदादच्या चादरीची गोष्ट निघेल. पोरगा मनाचा चांगला आहे, पण पोरगाच आहे. लाजेने मान हलवू नकोस. तू पिंडीला जा. खलाशाची बायको मास्तरीण झाली म्हणून लोक हसले तर मी वर बसून त्यांना हसेन.’

मग दुसरी फुली, आणि त्यापुढे बापाला: ‘अब्बाजी, आता हे ती मोठ्याने वाचेल. मी परतलो नाही तर हिच्यावर कुणाची चादर टाकू नका. हिला शिकायला पाठवा. हे माझं शेवटचं मागणं समजा.’ त्याखाली तुमची ती पश्चिमेची ओळ. शाईची एक रेघ तिच्यावर ओढायची होती, साहेब. एक रेघ.

जहाँदादचे हात थांबले होते. म्हणाला, “आज खोकला नाही आला?”

मी म्हटलं, “तुला काय माहीत खोकल्याचं?”

“सगळ्यांना माहीत होतं, भाभी. अब्बाजींनाही. म्हणून तर मध.”

थोरल्या भावाला तो लाला म्हणायचा. म्हणाला, “परत वाच. लाला माझ्याबद्दल काय म्हणाला तेवढंच.” मी वाचलं, पोरगा मनाचा चांगला आहे. तो तोंडावर पटका धरून रडला. म्हणाला, “मला वाटायचं, मी त्याचं घर बळकावलं म्हणून तो वरून बघत असेल. मलाही कुणी विचारलं नव्हतं गं.” आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं, सरळ. दोघांचेही केस पांढरे झाल्यावर.

अब्बाजींच्या कबरीवर जाऊन मी दुसऱ्या फुलीनंतरचं मोठ्याने वाचून आले. ते त्यांचं होतं. हे पत्र आलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. तीच गोष्ट मला गिळता येत नाही.

पान काढू नका. पत्र पूर्ण छापा, दोन्ही फुल्यांसकट, आणि खाली तुमचं ते पडद्यासमोरचं उत्तरही छापा. तेवढी हिंमत नसेल तर ११२ वं पान कोरं सोडा. मूळ कागद मी परत करणार नाही.

तुम्ही माफी मागितलीत. तिचं उत्तर सावरच्या पद्धतीने देते. दोन फुल्यांच्या मधलं फक्त तुमच्यासाठी आहे, बेगमसाहेबांना वाचून दाखवायची गरज नाही.

×



×

मध्ये काही सापडलं नाही, तर टपालाला दोष देऊ नका.

फजीलत